चालताना पोटरी आवळते : चालत राहायचं की थांबायचं?

रेवा
सासऱ्यांबद्दल विचारायचं आहे. वय ६८, बीपीची गोळी चालू, मधुमेह नाही, सिगारेट मात्र तरुणपणापासून. गेल्या वर्षभरात एक ठरूनच गेलंय : चालायला लागले की ठरावीक अंतरावर उजवी पोटरी आवळते, उभे राहिले की दोन-तीन मिनिटांत मोकळी होते, पुन्हा निघाले की तेवढ्याच अंतरावर पुन्हा तेच. चढ असला तर आणखी आधी. घरात सगळे "वय झालं" म्हणून मोकळे. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचे, कमरेचे एक्स-रे काढले, त्यात वयानुसार जे निघायचं ते निघालं, गोळ्या झाल्या, फरक शून्य. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मोजे काढायला लावून पावलावरची नाडी चाचपली. डावीकडे लागली, उजवीकडे नाही. मग डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. मांडीतली मुख्य धमनी बरीच अरुंद झाली आहे, उजवीकडचा एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) ०.६८. निदान : पेरिफेरल आर्टरी डिसीज, म्हणजे पीएडी, पायाच्या धमन्या अरुंद होऊन रक्त कमी पोहोचण्याचा आजार.

आता दोन मतं पडलीत. एक तज्ज्ञ म्हणतात, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकून घ्या. दुसरे म्हणतात, घाई नको. सिगारेट बंद, गोळ्या सुरू आणि दुखेपर्यंत चालायचं. यावर सासरे भडकलेत. "दुखतं म्हणून डॉक्टरकडे गेलो, आणि हा म्हणतो दुखेपर्यंत चाल!" दुखत असताना चालल्याने आतून काही नुकसान तर होणार नाही ना? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

अर्धविराम
सिगारेट सुटली का? बाकीचं नंतर.

रेवा
@अर्धविराम, "कमी केलीय" असं उत्तर मिळतं. म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेलच.

खडूस म्हातारा
माहीत आहे. "कमी केलीय" म्हणजे घरात कमी केलीय.

तुमच्या सासऱ्यांचा राग मला शंभर टक्के समजतो, कारण मीही तसाच भडकलो होतो. माझ्या दोन्ही पायांत हा आजार आहे, डावीकडे जास्त. स्टेंट नाही, ऑपरेशन नाही. मला शिकवलेली पद्धत सांगतो. चालायला लागायचं, पोटरी दुखायला लागली तरी लगेच थांबायचं नाही, चांगली दुखू द्यायची, मग थांबायचं. दुखणं पूर्ण गेल्याशिवाय पुन्हा निघायचं नाही. मग पुन्हा तेच. असं चालणं-थांबणं धरून अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून किमान तीनदा. आणि हे निदान तीन महिने. पहिला महिना काहीही फरक पडत नाही, नुसत्या शिव्या येतात तोंडात. त्यानंतर एक दिवस लक्षात येतं की आपण नेहमीच्या थांबण्याच्या जागेच्या पुढे निघून आलोय.

एक मात्र आहे. मी एकटा असतो तर दुसऱ्या आठवड्यात सोडून दिलं असतं. आमच्या फिजिओ बाईंनी वही घालून दिली होती आणि दर आठवड्याला ती बघायच्या. त्या वहीची भीती होती.

निशिगंध
माझ्या मावशीचं वेगळंच झालं. पाय दुखतात, घोट्याजवळ त्वचा काळपट, म्हणून कोणीतरी व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या शिरा) समजून मांडीपर्यंतचे घट्ट मोजे घालायला सांगितले. मोजे घातले की दुखणं वाढायचं. तिने सांगितलं तर घरचे म्हणायचे, सवय होईल. नंतर तपासणीत धमन्यांचाच आजार निघाला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधीच कमी पोहोचणाऱ्या रक्तावर तुम्ही वरून दाब देत होता. कुणीही असे मोजे सुचवले तर आधी पायाची नाडी बघून घ्या, एवढंच सांगायचं होतं.

चालता_बोलता
मी फिजिओथेरपिस्ट आहे. निशिगंध म्हणतात ते अगदी महत्त्वाचं. एबीआय ०.५ च्या खाली असेल तर तसले दाबाचे मोजे धोक्याचेच.

रेवा, तुमच्या वर्णनात एक वाक्य फार मोलाचं आहे : "उभे राहिले की मोकळी होते." कमरेच्या मणक्यात नस दाबली गेली असली तरी चालताना पाय असेच दुखतात, आणि वयस्कर माणसाच्या एमआरआयमध्ये मणक्यात काहीतरी सापडतंच. त्यामुळे पेशंट वर्षानुवर्षं कमरेवर उपचार घेत राहतो. पण मणक्याचा पेशंट नुसता उभा राहून सुटत नाही, त्याला बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. सायकल चालवताना वाकलेला असतो, म्हणून सायकलवर त्याला त्रास होत नाही. रक्त कमी पडणाऱ्या पेशंटला वाकण्याने काही फरक पडत नाही. स्नायूचं काम थांबलं की दुखणं थांबतं. एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात, तेव्हा मात्र आमचीही परीक्षा असते.

उंटावरचा_शहाणा
नळात गाळ साठतो तसं आहे हे. गाळ काढा, विषय संपला. माझ्या मित्राच्या वडिलांना स्टेंट टाकला, दुसऱ्या दिवशी ते चालत घरी गेले. तीन महिने कशाला कळ सोसायची? आणि स्टेंट नको असेल तर चिलेशन थेरपी आहे, शिरेतून औषध देऊन कॅल्शियम विरघळवतात.

टाके_घालणारा
व्हॅस्क्युलर सर्जन आहे. इथे बसून कुणाचा उपचार ठरवणार नाही, पण धाग्यात काही गोष्टी एकमेकींत मिसळतायत म्हणून लिहितो.

आधी एबीआय. झोपवून घोट्याजवळचा वरचा रक्तदाब मोजतात आणि त्याला दंडाच्या वरच्या दाबाने भागतात. दंडात १५० आणि घोट्याला १०२ असेल तर ०.६८. निरोगी माणसात घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्त असतो, म्हणजे १.० ते १.४. ०.९० किंवा त्याखाली आला की पीएडी. साधी, बिनटोचणीची, काही मिनिटांची तपासणी आहे आणि तरीही ती फार कमी होते. कारण पाय दुखतो म्हणून आलेल्या माणसाचे मोजे काढायला कुणी सांगत नाही.

आता नळ आणि गाळ. धमनीतला थर पोकळीत साठलेला नसतो, तो भिंतीच्या आत वाढतो. आणि तो फक्त मांडीत वाढत नाही. ज्याच्या पायात आहे त्याच्या हृदयाच्या आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांतही असण्याची शक्यता मोठी. चालताना पोटरी दुखणाऱ्या शंभर जणांकडे पाच वर्षं लक्ष ठेवलं, तर पाय धोक्यात येण्याची पाळी साधारण एक-दोघांवर येते. हार्ट अटॅक किंवा पक्षाघात मात्र वीसेक जणांना येतो. लोक विचारतात, "डॉक्टर, पाय कापावा लागेल का?" मला काळजी असते ती त्यांच्या हृदयाची. म्हणून पहिल्या दिवशी पायाच्या औषधाआधी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सुरू होतं, कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी. सोबत अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी टाळणारी गोळी), बीपी आणि साखर आटोक्यात, आणि तंबाखू बंद. "कमी" हा शब्द मी लिहून घेत नाही. सोडण्यासाठी निकोटिनचे पॅच, गोळ्या, समुपदेशन हे सगळं आहे. नुसत्या निश्चयावर फार थोड्यांची सुटते.

दुखत असताना चालण्याने नुकसान होतं का? नाही. जखम नसेल आणि आराम करतानाही दुखत नसेल, तर पोटरीतली ती कळ स्नायूला इजा करत नाही. छातीत दुखत असताना चालत राहणं ही वेगळी गोष्ट, तिथे लगेच थांबायचं. त्यासाठीच कार्यक्रम सुरू करण्याआधी हृदय तपासून घेतात.

चिलेशनबद्दल : पायाच्या या आजारात त्याचा उपयोग दिसलेला नाही. त्यात वेळ आणि पैसा घालवू नका.

उंटावरचा_शहाणा
बरं, चिलेशन सोडलं. पण स्टेंटचं काय? चालून चालून तो अडथळा उघडतो का? नाही ना?

टाके_घालणारा
प्रश्न रास्त आहे. नाही उघडत. तीन महिन्यांनी चालण्याचं अंतर दुप्पट झालेल्या माणसाचाही एबीआय बहुतेक वेळा जिथल्या तिथे असतो. बदलतो तो स्नायू. आलेल्या रक्तातला प्राणवायू तो जास्त चांगला वापरू लागतो, रक्तवाहिन्यांचं अस्तर सुधारतं, आणि चालण्याची ढब कमी खर्चिक होते. त्यामुळे पुन्हा डॉप्लर करून "आकडा तोच आहे" म्हणून खचून जाऊ नका.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या क्लेव्हर या अभ्यासात ओटीपोटातल्या धमन्या अरुंद असलेल्या पेशंटांची तुलना केली होती : एकीकडे स्टेंट, एकीकडे देखरेखीखालचा व्यायाम. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर व्यायामवाले जास्त वेळ चालले. मात्र "मला बरं वाटतंय" हे सांगण्यात स्टेंटवाले पुढे होते. दीड वर्षाने चालण्याच्या वेळेत दोघांत फारसा फरक उरला नाही. म्हणजे स्टेंट वाईट नाही. लगेच आराम देतो. पण जागा बघावी लागते. ओटीपोटातल्या रुंद धमनीत तो वर्षानुवर्षं टिकतो. मांडीची धमनी लांब, अरुंद, आणि प्रत्येक पावलागणिक पिळली, वाकवली जाणारी. तिथे आतून पुन्हा पेशी वाढून अडथळा परत येण्याचं प्रमाण जास्त. आणि स्टेंट अचानक गुठळीने बंद पडला तर कधीकधी पेशंट पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत येतो. म्हणून माझा क्रम : नुसतं चालताना दुखत असेल तर आधी तीन ते सहा महिने औषधं आणि चालणं. त्यानंतरही रोजचं आयुष्य अडत असेल, तर आत फुगा फुगवून वाट मोठी करायची किंवा स्टेंट. आणि केल्यावरही चालायचंच. दोन्ही मिळून जास्त फायदा होतो.

खडूस म्हातारा
डॉक्टरसाहेब, "ढब कमी खर्चिक" हे आवडलं. माझ्या चालण्यात कधी काही खर्चिक असेल असं आमच्या घरी कुणाला वाटलं नव्हतं.

साखरसम्राट
मधुमेहींसाठी मुद्दाम लिहितो. माझा एबीआय १.४५ आला तेव्हा मी खूश झालो होतो. दंडापेक्षा पायात जास्त दाब, म्हणजे पाय ठणठणीत! प्रत्यक्षात मधुमेहात, तसंच किडनीच्या आजारात, धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठून ती इतकी कडक होते की पट्टा फुगवला तरी दबतच नाही, आणि आकडा खोटा वर जातो. १.४ च्या वर आला की पायाच्या अंगठ्यातला दाब मोजतात, कारण बोटांतल्या बारीक धमन्या सहसा तेवढ्या कडक होत नाहीत. तिथलं गुणोत्तर ०.७ च्या खाली म्हणजे गडबड. माझं बरंच खाली निघालं.

दुसरं म्हणजे मला पोटरीत कळ कधी आलीच नाही. नसा बधिर झाल्या असतील तर दुखणार काय? माझा आजार कळला तो करंगळीला बूट घासून झालेल्या आणि बरी न होणाऱ्या जखमेवरून. आता रोज रात्री पाय बघतो, तळव्याखाली आरसा धरतो. बोटांच्या बेचक्या कोरड्या, नखं सरळ कापलेली, बूट घालण्याआधी आत हात घालून खडा आहे का ते बघायचं, अनवाणी फिरणं बंद. आणि गार पडले म्हणून पाय गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचे नाहीत. भाजलेलं कळत नाही.

टाके_घालणारा
साखरसम्राट यांचा प्रतिसाद वेगळा छापून दवाखान्यात लावावा असा आहे. भर एवढीच : ज्याला चालताना दुखतं त्याचा आजार एक, आणि ज्याला झोपल्यावर पाऊल, बोटं दुखतात, पाय पलंगाखाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं, किंवा जखम बरी होत नाही, बोट काळं पडतंय, त्याचा धोका पूर्ण वेगळा. त्याला तीन महिने चालून बघा असं कुणीही सांगू नये. तिथे पाय वाचवण्यासाठी रक्तपुरवठा लवकर वाढवावा लागतो, फुग्याने किंवा बायपासने. बायपाससाठी पेशंटच्याच पायातली चांगली शीर मिळाली तर ती कृत्रिम नळीपेक्षा बरीच जास्त टिकते. २०२२ आणि २०२३ मध्ये यावर आलेल्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत, त्यामुळे आमच्यात यावर अजून जोरात भांडणं चालू आहेत.

जुनी_पानं
अवांतर, पण राहवत नाही. नळी घालून धमनी उघडण्याची सुरुवात हृदयात नाही, पायातच झाली. १६ जानेवारी १९६४, अमेरिकेतलं पोर्टलंड. ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायात गँगरीन सुरू झालेलं. सर्जन म्हणाले पाय कापावा लागेल, बाईंनी साफ नकार दिला. चार्ल्स डॉटर नावाच्या रेडिओलॉजिस्टने मांडीतल्या अरुंद धमनीतून तार घातली आणि तिच्यावरून एकाहून एक जाड नळ्या सरकवून वाट मोठी केली. पाय वाचला. त्या बाई पुढे मरेपर्यंत स्वतःच्या दोन्ही पायांवर चालल्या. तरी त्यांच्या देशातले सर्जन बरीच वर्षं डॉटरना फार मोजत नव्हते. युरोपात मात्र पद्धत उचलली गेली, आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७४ मध्ये नळीला फुगा जोडून ती पायात वापरली आणि १९७७ मध्ये हृदयात. आज अँजिओप्लास्टी म्हटलं की सगळ्यांना हृदयच आठवतं.

अर्धविराम
म्हणजे हृदयाने पायाचं ऐकलं. बहुधा पहिल्यांदाच.

कडुनिंब
माझा भाऊ पस्तिशीचा. त्याच्या पावलाच्या बोटांना जखमा झाल्या तेव्हा कोलेस्टेरॉल नॉर्मल, साखर नॉर्मल, सगळे बुचकळ्यात. बर्जर्स डिसीज निघाला. हा पीएडीपेक्षा वेगळा. बारीक धमन्या सुजून बंद होतात, बहुतेक तरुण वयात, आणि कारण एकच, तंबाखू. ओढलेली असो वा चघळलेली. भावाने दोन बोटं गेल्यावर सोडली. त्यानंतर एकही नवी जखम नाही. रेवा, हे तुमच्या सासऱ्यांना वाचून दाखवा, आजार वेगळा असला तरी.

निशिगंध
डॉक्टर, पाय एकाएकी गार पडला तर काय? शेजारच्या आजोबांचं तसं झालं होतं, घरचे रात्रभर तेल चोळत बसले.

टाके_घालणारा
तेल चोळू नका, शेकू नका, सकाळची वाट बघू नका. पाय अचानक दुखायला लागला, पांढरा फटक पडला, गार झाला, मुंग्या यायला लागल्या किंवा बोटं हलेनाशी झाली, तर गुठळीने धमनी बंद झाल्याचं समजून थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, शक्यतो जिथे व्हॅस्क्युलर सर्जन आहे तिथे. साधारण सहा तासांनंतर स्नायू आणि नसा कायमच्या जायला लागतात. हृदयाचे ठोके अनियमित असलेल्यांच्या घरी तर हे पाठच असावं.

रेवा
सगळ्यांचे मनापासून आभार. कडुनिंब, तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. काही बोलले नाहीत, पण रात्री पाकीट माझ्या नवऱ्याकडे आणून दिलं. पुढचं बघू.

दुसऱ्या डॉक्टरांनी सिलोस्टाझॉल नावाची गोळीही लिहून दिली आहे, पण आधी हृदयाची सोनोग्राफी करा म्हणाले. पाय दुखतोय तर हृदयाची सोनोग्राफी का, हे सासऱ्यांना कळत नाहीये. आणि आम्ही ठरवलंय की आधी चालण्याचाच मार्ग. देखरेख करणारं केंद्र जवळ नाही, घरच्या घरी जमेल का?

टाके_घालणारा
सिलोस्टाझॉलने चालण्याचं अंतर वाढतं, पण हार्ट फेल्युअर असलेल्या पेशंटला ती देता येत नाही. तेच बघायला सोनोग्राफी. तुमचे डॉक्टर नीट काम करतायत. सुरुवातीला डोकं दुखणं, धडधड, पातळ शौचाला होणं असं होऊ शकतं. झालं तर परस्पर बंद न करता कळवा. तीन-चार महिन्यांत फरक नाही पडला तर ती चालू ठेवण्यात अर्थ नसतो.

चालता_बोलता
घरी जमतं, फक्त मोकळं सोडलं तर जमत नाही. सपाट रस्ता निवडा. किती चालल्यावर दुखायला लागलं, कुठे थांबले, हे त्यांनी स्वतः लिहायचं, आणि आठवड्यातून एकदा घराबाहेरच्या कुणीतरी फोन करून विचारायचं. सुनेला उडवून लावतात, परक्याला उत्तर देतात. खडूसकाका, तुम्ही करणार का फोन?

खडूस म्हातारा
आनंदाने. रेवा, व्यनि करा. मी त्यांना "कमी केलीय" म्हणू देणार नाही.

पहाटवारा
धागा वाचून घाबरलोय. मला झोपेत मध्येच पोटरीत गोळा येतो, उठून पाय ताणला की जातो. दिवसा कितीही चाललो तरी काही होत नाही. मलाही हेच आहे का? वय ४१, सिगारेट नाही.

चालता_बोलता
चालताना काहीच होत नसेल आणि झोपेत गोळा येत असेल, तर तो बहुतेक साधा क्रॅम्प. ताणल्यावर जातो हेही त्याचंच लक्षण. झोपण्याआधी पोटऱ्यांचे ताण देऊन बघा, वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि दाखवायला जाल तेव्हा मोजे स्वतःहून काढा.